दोन मीटरवरून

"विकलीस?" मामांनी हातातली कात्री काउंटरवर ठेवली. "चोवीस-सत्तर विकलीस? आणि तिच्या जागी हे झाकण घेतलंस?"

झाकण म्हणजे माझी नवी लेन्स, कॅननची आरएफ २८ मिमी एफ/२.८. कॅमेऱ्यावर लावली की ती पुढे येते २४.७ मिलिमीटर, म्हणजे इंचभरही नाही. वजन १२० ग्रॅम. मामांच्या कॅमेऱ्यावर बारा महिने असते ती आरएफ २४-७० एफ/२.८, ९०० ग्रॅमची, साडेबारा सेंटिमीटर लांब. तसलीच एक मीही हप्त्यांवर घेतली होती. मामांचा हा कोल्हापुरातला स्टुडिओ तीसेक वर्षांचा. बारसं, मुंज, साखरपुडा, लग्न असं सगळं त्यांनी काढलंय, आणि मी कॅमेरा धरायला इथंच शिकलो. त्यांना न सांगता लेन्स विकणं म्हणजे घरातलं भांडं परस्पर मोडीत घालणं. मी नेमकं तेच केलं होतं.

काउंटरवर माझे अकरा प्रिंट पसरले होते. गेले तीन महिने मी पहाटे एका तालमीत जातोय, तिथले. मामांनी वरचे दहा बाजूला सारले आणि अकरावा पुढ्यात ओढला. एक थोराड पैलवान बारा वर्षांच्या पोराच्या डोळ्यात गेलेली माती ओल्या अंगठ्यानं काढतोय. पोरगं तोंड वर करून, दात दाबून उभं आहे. मागं हौद्यात दोघांची झोंबी चालूच आहे.

"हे कोपर बघ," मामा म्हणाले. "कडेला आलंय आणि गुडघ्याएवढं झालंय. अठ्ठावीसवर हे होणारच. उद्या नवरीचा चेहरा कडेला आला तर काय करशील? तिचे वडील विचारतील, पोरीचं तोंड असं लांबट का दिसतंय."

"तुमच्या झूमवर अठ्ठावीस लावलं तरी कोपर असंच दिसेल, मामा. भिंतीची रेघ सरळ ठेवायची तर कडेची वस्तू ताणली जाते. ही भूमिती आहे, काचेची खोड नव्हे."

"हो, पण माझ्या झूमवर मी अठ्ठावीस लावणार नाही. मी पन्नासवर जाईन. तुला जाता येतं का पन्नासवर?"

"एक पाऊल पुढं जाऊन येतं."

"पुढं गेलास की कोपर आणखी मोठं."

खरं होतं. पुढं जाणं आणि झूम करणं ही एकच गोष्ट आहे असं आपण सहज बोलून जातो, पण तसं नसतं. झूम फक्त चौकट आवळते. पाय हलले की जवळचं आणि लांबचं यांचं आपसातलं मापच बदलतं. मामा हे कुठल्या पुस्तकात शिकले नाहीत, पण मांडवात तीस वर्षं उभं राहून त्यांना ते अंगात भिनलंय.

त्यांनी लेन्स कॅमेऱ्यावरून काढून तळहातावर घेतली आणि उलटी करून मागची काच उजेडाकडं धरली. "एवढीशी काच काय प्रकाश घेणार? भिंगं तरी किती आहेत यात?"

"आठ. सहा गटांत. त्यातली तीन अस्फेरिकल, साच्यातल्या प्लॅस्टिकची."

"प्लॅस्टिक." मामांनी तो शब्द नुसता परत उच्चारला.

इथं मी जरा वेळ घेतला, कारण या लेन्सचं मर्म तिच्या भिंगांपेक्षा तिच्या मागच्या जागेत आहे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वर-खाली व्हायचा. त्याला हलायला जागा हवी, म्हणून कॅननच्या ईएफ माउंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर होती. आता अठ्ठावीस मिलिमीटरच्या लेन्सचं दुखणं बघा. साध्या रचनेत तिला प्रतिमेपासून साधारण अठ्ठावीस मिलिमीटरवर बसायचं असतं, आणि आरसा तिला चव्वेचाळीसच्या आत येऊ देत नाही. मग पुढं एक मोठं अंतर्गोल भिंग लावून प्रतिमा मागं ढकलावी लागते. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली ३५ मिमीच्या लेन्समध्ये ही युक्ती बाजारात आणली, तिला नाव दिलं रेट्रोफोकस, आणि पुढं एसएलआरच्या जवळजवळ सगळ्या वाइड लेन्सा त्याच वाटेनं गेल्या. वाइड लेन्सची फुगलेली पुढची काच ही आरशाला भरलेली पट्टी होती. म्हणूनच एसएलआरच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांवरच्या चपट्या लेन्सा बहुतेक चाळीस-पन्नासच्या असायच्या. त्याहून वाइड जायचं म्हटलं की डबा लांब झालाच.

"२०१८ मध्ये आरएफ माउंट आला," मी म्हणालो, "आरसा गेला आणि ते अंतर २० मिलिमीटरवर आलं. कॅननचीच २०१२ ची अठ्ठावीस एफ/२.८ घ्या. लांबी ५१.५ मिलिमीटर, वजन २६०. तिच्यात स्टॅबिलायझर होता, मान्य. पण सेन्सरपासून लेन्सच्या टोकापर्यंत मोजलंत तर तेव्हा साडेपंच्याण्णव मिलिमीटर व्हायचे, आता पंचेचाळीसही होत नाहीत."

"लायकाच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांना आरसा कधीच नव्हता," मामा म्हणाले. "त्यांच्या लेन्सा बारक्याच असायच्या. यात नवीन काय?"

"नवीन नाहीच. मध्ये साठ-सत्तर वर्षं आरसा आडवा आला होता, एवढंच."

मामांना हे आवडलं असावं, कारण त्यांनी लेन्स पुन्हा उजेडाकडं धरली. मग म्हणाले, "लायकाच्या पुढ्यात फिल्म होती. फिल्म तिरका प्रकाशही घ्यायची. सेन्सर घेतो का?"

त्यांनी दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं. मागचं भिंग सेन्सरच्या इतकं जवळ गेलं की कोपऱ्यांवर प्रकाश फार तिरका पडतो. सेन्सरला ते सोसत नाही. कोपरे अंधारतात. शिवाय लेन्स इतकी छोटी ठेवायची तर रेषांचा थोडा बाक आणि कडांचा काळोख सुधारायचं काम सॉफ्टवेअरवर सोडावं लागतं. कॅमेरा ते गुपचूप करतो आणि आपल्याला सरळ चित्र दाखवतो.

"म्हणजे काचेनं अर्धंच काम केलं, उरलेलं संगणकानं," मामा म्हणाले. "कोपरा उजळला की तिथं दाणे येणार. ताणला की तपशील जाणार. फुकटात काही मिळत नाही रे."

"नाही मिळत."

"मग?"

"माझ्या तालमीचे कोपरे काळेच आहेत, मामा. तिथं भिंत आहे, आणि भिंतीवर धुराची काजळी."

हे उत्तर पुरेसं नव्हतं, हे बोलतानाच मला कळत होतं. ते फक्त माझ्या फोटोंना लागू होतं. मामांच्या करिझ्मा अल्बममध्ये बारा बाय छत्तीस इंचांच्या पानावर डाव्या टोकाला मुलाची आजी आणि उजव्या टोकाला मुलीचे काका उभे असतात. तिथं कोपरा म्हणजे कुणाचं तरी माणूस.

चहा आला. मामांनी ड्रॉवरमधून एल आकाराचे दोन काळे पुठ्ठे काढले. ते त्यांच्या उस्तादांचे आहेत. प्रिंटवर दोन्ही पुठ्ठे आडवे-उभे सरकवून ते चौकट लहान करत गेले. कोपर गेलं, पण त्याबरोबर मागची झोंबीही गेली. त्यांनी पुठ्ठे परत फाकवले.

"कापून बघत होतो," ते म्हणाले. "पण कापायचं तर उरणार किती? चोवीस मेगापिक्सेल ना तुझा?"

"हो. पन्नासच्या चौकटीइतकं कापलं तर साडेसात उरतात."

"आणि मी नुसती रिंग फिरवली तर चोवीसच्या चोवीस राहतात. मग सांग की, ही पोरकटपणाची चैन कशासाठी? वजनासाठी? खांदा दुखतो म्हणून?"

वजनाचा फरक आहेच. मामांचा कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलोच्या वर भरतं, माझं ५८१ ग्रॅम. किमतीचाही आहे. अमेरिकेत बाजारात आल्या तेव्हा एक २९९ डॉलरला होती, दुसरी २,२९९ ला. पण माझं कारण ते नव्हतं, आणि खोटं सांगायची इच्छा नव्हती. मी त्यांना तालमीतलं सांगितलं.

पहिले पंधरा दिवस मी झूम घेऊन गेलो होतो. पहाटे साडेपाचला पोरं जोर मारत असतात. चपला बाहेर काढून आत जायचं. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं असतं, त्याचा वास दारातच येतो. मी दारात उभा राहायचो. कॅमेरा वर केला की पोरं दंड फुगवून बघायची. वस्ताद म्हणाले होते, काढा की फोटो, आमचं काही म्हणणं नाही. पण पंधरा दिवसांत जे मिळालं ते सगळं कॅलेंडरवर शोभेल असं. मग ही लेन्स आली आणि त्यातूनच असले फोटो निघाले.

"ते लेन्सनं झालं नाही," मामा लगेच म्हणाले. "तू तीन महिने गेलास म्हणून झालं. रोज पहाटे माणूस आला की पैलवान त्याला विसरणारच. तोफ घेऊन गेला असतास तरी विसरले असते. लेन्सला फुकटचं श्रेय देऊ नकोस."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. बारकी लेन्स लोकांना बुजवत नाही असं जो-तो म्हणतो, मीही म्हणत आलोय. पण मी लेन्स बदलली आणि दिवसही वाढले, दोन्ही एकदमच झालं. त्यांतलं कुठलं कामी आलं हे मला सिद्ध करता येणार नाही.

"त्यांचं जाऊ दे," मी म्हणालो. "माझं सांगतो. झूम असताना मी दारात उभा होतो, कारण तिथून भागत होतं. हौद्यातली अडीच मीटरची रुंदी सत्तरवर पकडायची तर पाच मीटर लांब राहावं लागतं. अठ्ठावीसवर तेवढीच रुंदी दोन मीटरवरून येते. दारातून काढलेला फोटो बरा यायचा, म्हणून मी दार सोडत नव्हतो. ही लावली आणि पहिल्या दिवशी दारातून काढलेल्या प्रत्येक फोटोत नुसता पत्रा आणि खांब. माणसं मुंग्यांएवढी. मग वस्तादांना विचारून मातीच्या काठावर जाऊन बसलो. दोन मीटरवर माणसाचा श्वास ऐकू येतो, मामा. कोण दमलंय, कोण उगाच ओरडतंय, कुणाचा कान दुखतोय ते कळतं. त्या पोराच्या डोळ्यात माती गेली हे दारातून मला दिसलंच नसतं. दिसल्यावर मी काढलं."

मामा प्रिंटकडं बघत होते.

"आणि त्याला कळलं होतं तू काढतोयस ते?" त्यांनी विचारलं. "का गुपचूप? बारक्या लेन्सचं मला हेच भय वाटतं. माणसाला पत्ता लागत नाही आणि त्याचं रडणं दुसऱ्याच्या भिंतीवर जातं. माझी लेन्स दांडगी आहे. मी आलो की सगळ्यांना कळतं फोटोवाला आला. ज्याला नको त्याला तोंड फिरवता येतं."

"दोन मीटरवर लपता येत नाही. लपायचं तर दोनशेची लेन्स घेऊन गच्चीवर जावं लागतं. या पोरानं मला बघितलंय. त्याच्या मागच्या फ्रेममध्ये तो सरळ माझ्याकडं बघतोय. प्रिंट त्याला आणि त्याच्या वडिलांना दाखवलाय. वडिलांनी एक प्रत ठेवून घेतली."

मामांनी मान हलवली. त्यांच्या शंकेचं मोल मला पुरतं कळत होतं. त्यांचा हा प्रश्न लेन्स विकणाऱ्या जाहिरातींत कुठंच नसतो.

मी मग गॅरी विनोग्रँडचं नाव काढलं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लायका आणि अठ्ठावीसची लेन्स घेऊन वर्षानुवर्षं फिरलेला माणूस. गर्दीत शिरून, कडांपर्यंत माणसांनी भरलेल्या त्या चौकटी. मामांना तो माहीत होता. एका जुन्या परदेशी मासिकाचा गठ्ठा त्यांनी रद्दीतून आणला होता, त्यात वाचलं होतं.

"१९८४ ला गेला तेव्हा त्याच्या मागं अडीच हजार रोल न धुतलेले निघाले," मामा म्हणाले. "अडीच हजार. त्याला चुकायची मुभा होती. दहा वाया गेले तरी अकरावा होता. माझ्याकडं अक्षता एकदाच पडतात."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ते उस्तादांकडं उमेदवारी करत होते तेव्हाची गोष्ट. हातात यशिकाचा ट्विन-लेन्स कॅमेरा, ८० मिमीची एकच लेन्स, एफ/३.५, ती काढताही यायची नाही. एका रोलवर बारा फोटो. अख्ख्या लग्नाला चार रोल, म्हणजे अठ्ठेचाळीस. एका वाड्यात माजघरात घरच्यांचा ग्रुप लावला. मामा मागं सरकत गेले आणि पाठ भिंतीला लागली. चौकटीत सगळे मावत नव्हते. सगळ्यांना दाटीनं उभं केलं, तरी टोकाची आत्या खांद्यापाशी कापली गेली. पुढच्या फोटोत घेऊ म्हणाले, तेवढ्यात मुहूर्ताची घाई झाली आणि ग्रुप फुटला.

"तो फोटो अजून त्या वाड्यात आहे. परवा त्यांच्या नातवाच्या लग्नाची ऑर्डर होती, तेव्हा बघितला. आत्याचा एक हात आणि पदर दिसतो. तुम्ही हल्लीची पोरं म्हणता एक लेन्स, शिस्त, साधेपणा. आमच्याकडं एकच लेन्स होती ती शिस्त म्हणून नव्हे. दुसरी परवडत नव्हती. पहिला झूम घेतला तेव्हा मी दोन दिवस रिंग नुसती फिरवत बसलो होतो. आता भिंत मागं आली तरी माणूस कापला जाणार नाही, एवढंच डोक्यात."

यावर मला काही बोलता येईना. चोवीसवर तो ग्रुप आला असता. अठ्ठावीसवरही आला असता, पण तो मुद्दा नव्हता. अडचणीला गुण म्हणून मिरवण्याची माझ्या पिढीची सवय त्यांना खटकत होती, आणि ती खटकायलाच हवी.

"मी तुमच्यासारखा अडकलेलो नाही," मी शेवटी म्हणालो. "म्हणूनच मला फोटो सोडून देता येतात. परवा पलीकडच्या टोकाला एकानं दुसऱ्याला धोबीपछाड मारली. मी इकडं बसलो होतो. उठून जाईपर्यंत संपलं. झूम असता तर मिळाला असता. असे रोज पाच-सहा जातात. माझ्या तालमीच्या कामात मला ते सोडायचा हक्क आहे, कारण ते मला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या मांडवात तो हक्क मला नाही."

"हे आधी का नाही बोललास?" मामांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "तू लेन्स विकलीस त्याचा राग नाही आला मला. मला वाटलं आता ऑर्डरीला हे झाकण घेऊन येणार आणि दाराशी माणूस कापणार."

त्यांनी मग स्वतःच एक मधला मार्ग सुचवला. आरएफची पस्तीस मिमी एफ/१.८ घे म्हणाले. ३०५ ग्रॅम, तीही बारकीच, स्टॅबिलायझर आहे, प्रकाश दुपटीहून जास्त घेते. तालमीत मी एफ/२.८ आणि १/५०० वर काढतो तेव्हा आयएसओ ६४०० पर्यंत जावं लागतं. पस्तीसवर ते निम्म्याखाली आलं असतं. कोपरही इतकं ताणलं नसतं. सल्ला चोख होता. मी नाही म्हणालो ते एका साध्या कारणानं: एफ/१.८ वर पैलवानाचा अंगठा स्पष्ट आला असता आणि मागची झोंबी विरघळली असती. मला दोन्ही हवं होतं. उलट बाहेर अंगणात, उन्हात, मी एफ/८ लावून सव्वातीन मीटरवर फोकस ठेवून देतो. मग पावणेदोन मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं आणि फोकसचा विचारच डोक्यातून जातो. पोरं खुराक खात असतात, बदाम ठेचत असतात. तेवढा वेळ मी फक्त बघत असतो.

"स्टॅबिलायझरनं हलणारा पैलवान थांबत नाही, मामा."

"ते मला सांगू नकोस. अंधारातली स्थिर माणसं सांगतोय मी. आजी ओवाळते तेव्हा ती स्थिर असते."

म्हणजे त्यांच्या डोक्यात पुन्हा लग्नच होतं. माझ्या डोक्यात तालीम. दोघंही आपापल्या जागी उभे राहून बोलत होतो आणि मला त्यात काही वाईट वाटलं नाही.

मामांनी पुठ्ठे उचलून ड्रॉवरमध्ये टाकले. प्रिंट हातभर लांब धरून बघितला.

"पुढच्या महिन्यात इचलकरंजीची ऑर्डर आहे. हळदीला ती बारकी आण. हळद लावताना बायका माझ्यासमोर अवघडतात, तू जवळ बस. त्यांना आधी विचारून. विधीला माझ्याकडची लेन्स लावायची, त्यात बोलणं नाही."

"चालेल."

"हिला धुळीचं संरक्षण आहे का काही? रबर वगैरे?"

"नाही. तुमच्या लेन्सला आहे तसं नाही."

"आणि मातीच्या काठावर बसतोस." त्यांनी ड्रॉवर पुन्हा उघडला, हवेचा रबरी फुगा काढला आणि लेन्सच्या कडेनं एकदा फिरवून फुंकर मारली. काउंटरच्या काचेवर बारीक तांबडी धूळ पडली. "हूड येतो का सोबत?"

"वेगळा घ्यावा लागतो."

"मग घे की. किती दिवस थांबणार आहेस?"

प्रिंट त्यांनी परत दिला नाही. कपाटातून बारा बाय अठराच्या कागदाचं पाकीट काढलं आणि म्हणाले, मूळ फाइल आण, कापलेली नको, कोपरासकट.